समोरचा संतापलाय, आणि टीम तुमची आहे

नवी जबाबदारी मिळाली, अभिनंदन! कुणाचा ना कुणाचा राग अंगावर येणारच, त्याने खचू नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पूर्ण ऐकून घ्या. मध्येच "तसं नाहीये" म्हणालात की आवाज चढलाच.
- त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा: "तीनदा कळवूनही काम अडलं, म्हणून संताप झालाय ना?" बहुतेकदा इथेच आवळलेल्या मुठी सैल पडतात.
- रागाच्या मेलला त्याच दिवशी उत्तर नको.

नवखे हमखास "शांत व्हा" म्हणतात. त्याने भडकाच उडतो. दुसरी चूक मोठी: करुणा म्हणजे सगळं खपवून घेणं, असं समजणं. मुळीच नाही! कुणी सहकाऱ्याच्या धर्मावर, दिसण्यावर घसरलं तर तिथल्या तिथे थांबवा, आणि ज्याला लागलं त्याची विचारपूस आधी करा.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरी शहरातल्या घरावर बॉम्ब फेकला गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी आत होती. दारात जमलेल्या आपल्याच संतप्त समर्थकांना त्यांनी शस्त्रं घरी न्यायला सांगितलं. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध सुरू असलेला बस-बहिष्कार मात्र मागे घेतला नाही. करुणा आणि ठामपणा, दोन्ही एकत्र जमतं, ते असं.

जुनी वैरं, गटबाजी हे सगळं नंतर. येत्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं जमवा.