'दिलगिरी व्यक्त करतो' म्हणजे 'माफी मागतो' का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रचारसभेत एखादा उमेदवार किंवा त्याच्या बाजूनं बोलणारा नेता भलतंच काही बोलून जातो, त्यावर गदारोळ होतो आणि दोन दिवसांनी तो म्हणतो, 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.' बातमीचा मथळा मात्र 'अखेर माफी मागितली' असा येतो. तर दिलगिरी, खेद, क्षमा आणि माफी हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? हल्ली कानावर येणारं 'दिलगिरी मागतो' बरोबर आहे का? आणि लिहायचं कसं, दिलगिरी की दिलगीरी?

माझं स्पष्ट मत आहे की हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मथळ्यात 'दिलगिरी'च्या जागी 'माफी' छापली, तर त्या माणसानं जे केलेलं नाही त्याचं श्रेय आपण त्याला देऊन बसतो.

आधी 'दिलगीर' पाहू. हा फारसी शब्द आहे, दिल अधिक गीर. गीर म्हणजे धरणारा किंवा धरलेला. जहांगीर, आलमगीर, दस्तगीर यांतला गीर तोच, आणि गिरफ्तार त्याच क्रियापदाचा. मन धरलं गेलंय, आवळलं गेलंय, तो दिलगीर. म्हणजे खिन्न, उदास, कष्टी. जुन्या मराठी पत्रव्यवहारात हा शब्द याच अर्थानं येतो. मनाजोगी बातमी आली नाही की माणूस दिलगीर होई. त्यात त्याचा अपराध असण्याचं काही कारण नव्हतं. 'खेद'ही असाच. खेद आणि खिन्न हे दोन्ही संस्कृतातल्या 'खिद्' या एकाच धातूपासून आलेले आहेत. म्हणजे 'खेद व्यक्त करतो' आणि 'दिलगिरी व्यक्त करतो' या दोन्ही वाक्यांचा मूळ अर्थ एवढाच, की मला वाईट वाटतंय. रेल्वे स्टेशनवरची घोषणा आठवा: 'प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' त्या घोषणेला उत्तर द्यायची कुणाला गरज वाटत नाही, कारण तिनं आपल्याकडे काही मागितलेलंच नसतं.

'माफी'चं तसं नाही. माफ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि मराठीत तो चांगलाच रुजला, तोही देण्याघेण्याच्या व्यवहारात. सारा माफ, फी माफ, दंड माफ, कर्जमाफी. प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी काही देणं लागतं आणि ते सोडून देण्याचा अधिकार दुसऱ्याच कुणाकडे असतो. कोर्टातला 'माफीचा साक्षीदार' घ्या. त्याला माफी मिळते ती कोर्टाकडून, आणि तीही गुन्ह्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं खरं सांगण्याच्या अटीवर. म्हणजे माफी म्हटलं की तिथे दोन पक्ष आले, अपराध आला, आणि देणाऱ्याची मर्जीही आली. तो नाही म्हणू शकतो.

'क्षमा' या दोहोंपेक्षा वेगळी. 'क्षम्' म्हणजे सहन करणे, समर्थ असणे. क्षमता, सक्षम हे शब्द त्याच घरातले. ज्याच्यात सोसायची ताकद आहे तो क्षमा करतो. म्हणून देवाची, गुरूची, मोठ्यांची क्षमा मागतात. पत्राच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहायची आपली रीत आहे, तिच्यातही हाच सोसून घेण्याचा भाव आहे.

हा सगळा फरक आपल्या क्रियापदांत उघड दिसतो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माफी 'मागतात', क्षमा 'मागतात', दिलगिरी 'व्यक्त करतात', खेद 'व्यक्त करतात'. मागायला समोर कुणीतरी लागतं, व्यक्त तर एकट्यालाही करता येतं. मोर्चातली माणसं हे बरोबर ओळखतात. पुतळा जाळताना, फोटोला जोडे मारताना घोषणा असते 'माफी मागा, माफी मागा', फार संताप असेल तर 'नाक घासून माफी मागा'. 'दिलगिरी व्यक्त करा' अशी घोषणा मी तरी कधी ऐकलेली नाही.

आता त्या ठरलेल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग जरा जवळून बघू. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर.' दुखवणे आणि दुखावणे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. 'मी त्याला दुखवलं' यात दुखवणारा मी आहे. 'तो दुखावला', 'पाय दुखावला' यात जे व्हायचं ते झालं, पण केलं कुणी ते वाक्यात नाही. (बोलताना आपण 'मी तिला दुखावलं' असंही म्हणतो, ते आता रूढ आहे आणि माझी त्याला हरकत नाही.) पण 'भावना दुखावल्या असतील' या रचनेत कर्ता साफ नाहीसा होतो. त्यावर 'असतील' आलं. 'तो घरी पोचला असेल' म्हणताना आपण जसा अंदाज बांधतो तसाच इथेही बांधला जातो, म्हणजे दुखावल्या हेही नक्की नाही. मग 'तर' येऊन अट घालतं. आणि 'कुणाच्या' म्हणजे ज्या बाईबद्दल किंवा ज्या शेतकऱ्यांबद्दल बोललो, त्यांचं नाव घ्यायचंही टळलं. कर्ता नाही, खात्री नाही, समोरचा माणूस नाही, आणि शेवटी दिलगिरी. या वाक्याला माफी म्हणणं मला जड जातं.

हा फरक म्हणजे भाषेच्या हौशी माणसांनी काढलेला कीस नव्हे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत तो थेट सर्वोच्च न्यायालयात तपासला गेला. 10 एप्रिलला राफेल विमान खरेदी प्रकरणातल्या कागदपत्रांबाबत न्यायालयानं एक आदेश दिला. त्याच दिवशी अमेठीत उमेदवारी अर्ज भरायला गेलेले काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष राहुल गांधी पत्रकारांशी बोलताना म्हणाले की 'चौकीदार चोर है' (ही त्यांची पंतप्रधान मोदींवरची घोषणा) हे आता सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं. न्यायालयानं तसं काही म्हटलेलं नव्हतं. भाजपच्या मीनाक्षी लेखी यांनी अवमान याचिका दाखल केली. राहुल यांनी 22 एप्रिलला पहिलं प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात प्रचाराच्या धामधुमीत बोललो म्हणून खेद होता. महिनाअखेरीस दुसरं दिलं, त्यातही खेदच, आणि तोही कंसात. सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्या पीठानं त्या कंसावरच बोट ठेवलं. खेद म्हणजे माफीच, शब्दकोशातही तसंच आहे, असा युक्तिवाद वकील अभिषेक मनु सिंघवी यांनी केला, पण न्यायाधीशांचं समाधान झालं नाही. शेवटी 8 मे रोजी तिसरं प्रतिज्ञापत्र आलं आणि त्यात बिनशर्त माफी होती. नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं ती स्वीकारली आणि पुढे जपून बोलण्याची समज देऊन प्रकरण मिटवलं. प्रतिज्ञापत्रं इंग्रजीत होती, कंसातला शब्द 'रिग्रेट' होता. पण खेद आणि माफी यांमध्ये जे अंतर आहे, ते पार करायला एका राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्षाला तीन प्रतिज्ञापत्रं लागली. आपल्या मथळ्यांत ते अंतर एका शब्दाच्या अदलाबदलीत नाहीसं होतं.

'बिनशर्त' या विशेषणाबद्दल एक सांगायला हवं. माफी ही मुळातच बिनशर्त असायला हवी, मग वेगळं सांगायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण 'असतील तर'वाल्या वाक्यांचा इतका सुकाळ झाला आहे की हे विशेषण आता गरजेचं झालं आहे. ते फाजील समजून कापू नये.

त्याच निवडणुकीत भोपाळच्या भाजप उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर शहीद हेमंत करकरे यांच्याबद्दल बोलल्या, की त्यांचा सर्वनाश होईल असं मी म्हटलं होतं. 26/11 च्या रात्री मुंबईत धारातीर्थी पडलेल्या अधिकाऱ्याबद्दलचं ते बोलणं महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलं. देशभरातून निषेध झाल्यावर त्यांनी शब्द मागे घेतले आणि माफीही मागितली. भोपाळचं मतदान 12 मे रोजी झालं. नथुराम गोडसेला देशभक्त म्हणणारं त्यांचं वाक्य आलं 16 मे रोजी, म्हणजे त्यानंतर. त्याही वेळी माफी आली. पण दुसऱ्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी एका मुलाखतीत म्हणाले की त्यांनी माफी मागितली असली तरी मी मनापासून त्यांना कधीच माफ करू शकणार नाही. राजकारण बाजूला ठेवून हे वाक्य भाषेच्या अंगानं पाहा. माफी मागणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, दुसरी पहिलीच्या मागोमाग आपोआप येत नाही, हे त्यात स्वच्छ आहे. दिलगिरीच्या बाबतीत असं वाक्य तयारच होत नाही. 'त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण मी ती देणार नाही' असं म्हणून बघा, मराठीत ते बसत नाही.

लोकांची प्रतिक्रिया मतांतून मोजायची म्हटली तर भोपाळमधून ठाकूर साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. रस्त्यावर उमटणारा संताप आणि मतपेटीतला कौल नेहमी एका दिशेनं जात नाहीत. करकरे यांच्याबद्दलचं ते बोलणं तेव्हाही संतापजनक होतं आणि आजही आहे, निकालानं त्यात फरक पडत नाही.

महाराष्ट्रातला एक प्रसंग या शब्दांच्या बाहेर जातो, म्हणून तोही सांगतो. एप्रिल 2013, राज्यात भीषण दुष्काळ. उजनी धरणाच्या पाण्यासाठी सोलापूरचा एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत उपोषणाला बसला होता. इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, धरणात पाणीच नसेल तर काय करायचं, असं विचारून पुढे लघवीचा ग्राम्य उल्लेख केला. राज्यभर संताप उसळला. त्यांनी विनाअट माफी मागितली, पण तेवढ्यानं भागलं नाही. मग 14 एप्रिलला ते कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसले, आणि त्या बसण्याला शब्द वापरला गेला 'आत्मक्लेश'. आत्मक्लेश 'करतात', म्हणजे स्वतःला त्रास देतात. त्यात मागणं नाही आणि नुसतं व्यक्त करणंही नाही. प्रायश्चित्ताच्या जवळ जाणारा हा शब्द त्या दिवसानंतर राजकीय मराठीत रुळला. मूळ वाक्य मात्र लोकांनी सोडलं नाही, पुढे कित्येक वर्षं धरणाचा विषय निघाला की ते निघायचं. माफी मागितली तरी देणारा किती वेळ घेईल हे त्याच्याच हातात असतं, हे इथेही दिसलं.

मुंबादेवी मतदारसंघातला 2024 च्या विधानसभा निवडणुकीतला 'माल'चा वाद बऱ्याच जणांना आठवत असेल. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी शिंदे गटाच्या उमेदवार शायना एन. सी. यांच्यासंदर्भात 'इम्पोर्टेड माल' असे शब्द वापरले. शायना यांनी 'महिला हूँ, माल नहीं' असं ठणकावून पोलिसांत तक्रार केली. बचावात असं सांगितलं गेलं की आमच्या पुरुष उमेदवारालाही ओरिजिनल मालच म्हटलं होतं. मालमत्ता, मालगाडी, कच्चा माल यांतला 'माल' निरुपद्रवी आहे हे खरं. पण बाईला उद्देशून तो शब्द आला की त्याचा कोणता अर्थ ऐकू येतो, हे मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. शब्दाचा अर्थ कोशात असतो तसा कुणाबद्दल वापरला यातही असतो, म्हणून हा बचाव मला पटत नाही. पुढे त्या प्रकरणातही 'दुखावल्या असतील तर' वळणाचाच खुलासा आला.

राहिले दोन छोटे प्रश्न. 'दिलगिरी मागतो' हे चूक आहे. 'माफी मागतो' आणि 'दिलगिरी व्यक्त करतो' यांची सरमिसळ होऊन ते तयार झालं आहे. दिलगिरी ही बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था, ती दुसऱ्याकडे मागणार कशी? 'मी दिलगीर आहे' किंवा 'दिलगिरी व्यक्त करतो' म्हणावं, आणि खरोखर मागायची असेल तर 'माफी मागतो' म्हणावं. बातमी लिहिणाऱ्यांनी वक्त्यानं जो शब्द वापरला तोच ठेवावा, आणि 'तर' असेल तर तोही गाळू नये.

शुद्धलेखनाचं असं की 'दिलगीर' अकारान्त असल्यामुळे त्यातली गी दीर्घ. पुढे ई लागून 'दिलगिरी' झालं की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार ह्रस्व होतो. गरीब आणि गरिबी, वकील आणि वकिली यांच्यासारखंच. 'दिलगीरी' लिहू नये.