यादवी, गृहयुद्ध की नागरी युद्ध?

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या वेळी शाळेत "अमेरिकेतील यादवी युद्ध" होतं. मुलाच्या पुस्तकात "गृहयुद्ध" आहे आणि परवा एका लेखात "नागरी युद्ध" वाचलं. बरोबर कोणतं? आणि "गुलामगिरी" लिहावं की "दास्यप्रथा"?'

'नागरी युद्ध' आधी निकालात काढतो. इंग्रजी 'सिव्हिल वॉर'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दांचा अर्थ नागरिकांचं आपसातलं युद्ध. पण मराठीत नागरी म्हणजे शहरी: नागरी वस्ती, नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक. नागरी युद्ध म्हटलं की मला तरी चाळीतल्या नळावरची भांडणंच दिसतात. अमेरिकेतल्या त्या युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत माणसं मेली ती गव्हाच्या शेतात आणि पीचच्या बागेत.

'गृहयुद्ध' चालेल. लिंकननेही १८५८ साली स्प्रिंगफील्डच्या भाषणात बायबलमधलं दुभंगलेल्या घराचं वचन घेतलं होतं: असं घर उभं राहत नाही.

माझा कल मात्र 'यादवी'कडे. 'यादवी युद्ध' म्हणायचीही गरज नाही, युद्ध त्या शब्दातच आलं. महाभारताच्या शेवटी प्रभासक्षेत्री कृष्णाच्या यादवकुळाला मद्य चढलं, सात्यकीने कृतवर्म्याला झोपेतल्या माणसांना मारण्यावरून डिवचलं, आणि मग हातातल्या लव्हाळ्यांची मुसळं होऊन यादवांनी यादव संपवले. आपलेच आपल्यांवर, हे एवढ्या नेमकेपणाने दुसरा शब्द सांगत नाही. खोट एकच. कुठे भांडण झालं म्हटलं की आपण पहिलं विचारतो, 'कशावरून?' यादवी म्हटलं की ते विचारायचं राहून जातं, जणू सगळेच झिंगले होते.

अमेरिकेत कोणी झिंगलं नव्हतं. भांडण होतं गुलामगिरीवरून, आणि पेटत गेलं ते बांधावरून. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला. त्यात गुलाम ठेवता येतील का? १८२० मध्ये मिसुरी सोडून ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची हद्द आखली, तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून आणखी जमीन मिळाली, पुन्हा तोच प्रश्न. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने बांधच मोडला: तिथल्या रहिवाशांनी काय ते ठरवावं. दोन्हीकडचे लोक कॅन्ससमध्ये घुसले आणि रक्त सांडलं. लिंकनच्या पक्षाचं म्हणणं नव्या मुलखात गुलामगिरी पसरू देऊ नये एवढंच होतं. तरी १८६० मध्ये तो निवडून येताच दक्षिणेतली राज्यं फुटू लागली. मिसिसिपीने फुटताना लिहूनच ठेवलं की आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. तेव्हा देशात सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती.

हरल्यावर दक्षिणेत 'राज्याराज्यांमधलं युद्ध' हे नाव चालवलं गेलं. उत्तरेच्या सरकारी दफ्तरात 'बंडाचं युद्ध' होतं. पहिल्या नावात 'कशावरून'ची वाट किती सफाईने बुजवली आहे बघा. म्हणून मी एकदा तरी 'गुलामगिरीवरून झालेली यादवी' असं लिहितो, पुढे नुसती 'यादवी'.

'दास्यप्रथा' कशाला? गुलाम म्हणजे अरबीत पोरगा. तो शब्द आपल्याकडे कधीचा मुरला आहे. जोतिरावांनी १८७३ मध्ये पुस्तकाचं नाव 'गुलामगिरी' ठेवलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. याहून भक्कम साक्ष नको.

जाता जाता आणखी एक. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून'. मग दक्षिणेत रिकामटेकडेपणाचे कायदे झाले. काळ्या माणसांना धरायचं, कैदी करायचं आणि मळ्यांना, खाणींना भाड्याने द्यायचं. भाषांतरात याला सरसकट 'सक्तमजुरी' लिहितात. सक्तमजुरी कैदी तुरुंगाच्या हुकमाने करतो. मालकाकडे फुकट राबवून घेण्याला मराठीत वेठबिगारी म्हणतात.