काढलंस, पण का?

अगं,

कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडण्यावरून तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली, तू चार मेसेज उडवलेस, दोघांना बाहेर काढलंस आणि आता विचारतेस, ‘काका, मी हुकूमशहा झाले का?’ नाही झालीस. पण उडवताना कारण सांगितलं नाहीस, ते मला खटकलं.

पोलीस केसची भीती आधी डोक्यातून काढ. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिनवर गुन्हा येत नाही, संगनमत असेल तरच, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांचंही मनावर घेऊ नकोस. राज्यघटनेचं कलम १९ मुळात सरकारला बांधण्यासाठी आहे, तुझ्या ग्रुपला नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, त्यातून सुरू झालेल्या खटल्यात २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं. तिथे पोलीस होते. इथे तू आहेस.

तरीही कारण सांग. व्हॉट्सॲप ‘ॲडमिनने मेसेज काढला’ एवढंच दाखवतं, का काढला ते तूच लिहायचं. ‘कुंभमेळ्यासाठी झाडं गेली तर गेली’ हे मत आहे. माझं डोकं फिरतं ते वाचून, पण ते राहिलं पाहिजे. कुणी समोरच्या बाईच्या जातीवर, कपड्यांवर घसरला तर काढ आणि एका ओळीत लिही : माणसावर गेलात, म्हणून काढलं. आपल्या बाजूचा घसरला तरी तेच. तू उडवलेल्या चारांत आपला एकही नाही, बघितलंस का?

आमच्या ग्रुपवर एक खवचट गृहस्थ आहेत. त्यांना ठेवलं म्हणून माझे दोन जुने मित्र ग्रुप सोडून गेले, अजून बोलत नाहीत. जिव्हारी लागतं ते. पण गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत न पटणारा वक्ताही शेवटपर्यंत ऐकत आम्ही वाढलो, आणि हे गृहस्थ कधी कुणाच्या अंगावर गेले नव्हते. कारण काय लिहिणार होतो मी? ‘आम्हाला आवडत नाहीत’? ते लिहवेना, म्हणून नाही काढलं. मित्रांना पटलं नाही. तुलाही पटेलच असं नाही.

असो. त्या दोघांतल्या एकाने फक्त झाडांचे आकडे मागितले होते. त्याला आजच परत घे, ग्रुपवर तसं लिहून. दुसऱ्याला नको, पण का नको तेही लिही. आणि ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ असं करून ठेवलंयस, ते आधी बंद कर.

तुझा,
काका