वाचकांचे प्रश्न : तीन फुटांवरून दिसणारी खोली

प्रश्न : मी सोळा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. आमची खोली वीस फूट लांब व बारा फूट रुंद असून पटावर २४ मुले आहेत. आहाराची पोती, वजनकाटा आणि नोंदवह्याही याच खोलीत ठेवाव्या लागतात. लोकवर्गणीतून मिळालेली खेळणी मी लोखंडी कपाटात कुलपाखाली ठेवते, कारण बाहेर काढली की अर्ध्या तासात सगळा पसारा होतो. मुले सतत पळतात आणि एकमेकांवर आदळतात. एवढ्याशा जागेत खेळाचे कोपरे कसे करावेत?
– एक सेविका, बार्शी तालुका

उत्तर : ताई, खोली लहान आहे हे खरेच, पण आपल्या पत्रावरून मला वाटते की जागेच्या कमतरतेपेक्षा मोकळी मधली पट्टी आणि बंद कपाट या दोन गोष्टी अधिक त्रास देत आहेत. वीस फुटांची सलग मोकळी फरशी समोर दिसली की चार वर्षांचे मूल पळणारच. तिथे बसायचे आहे की खेळायचे आहे, हे खोली त्याला सांगत नाही; आपल्याला ओरडून सांगावे लागते.

काही हलवण्यापूर्वी एक करून पाहावे. एखाद्या सकाळी मुले येण्याआधी दारात खाली बसावे. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर असतात. तेथून काय दिसते ते लिहून काढावे. बहुतेक ठिकाणी पोत्यांची थप्पी, टेबलाचे पाय आणि कपाटाचे कुलूप एवढेच दिसते. तक्ते पाच-सहा फुटांवर असतात, कारण ते (स्पष्ट बोलते, राग मानू नये) मुलांसाठी नव्हे तर भेटीला येणाऱ्या पर्यवेक्षिकांसाठी लावलेले असतात.

पोती, वजनकाटा आणि नोंदवह्या एकाच कोपऱ्यात घेऊन त्यांच्यापुढे जुन्या साडीचा पडदा लावावा. उरलेल्या खोलीत दोन-अडीच फूट उंचीच्या मांडण्या भिंतीला काटकोनात ठेवाव्यात, म्हणजे पळण्याची सलग वाट तुटेल आणि आपण खाली बसलात तरी त्यांच्यावरून सगळी मुले दिसत राहतील. मांडणी विकत घेण्याची गरज नाही. फळांच्या लाकडी पेट्या घासून, खिळे ठोकून, आडव्या एकमेकींना घट्ट जोडल्या की काम होते. विटांवर नुसत्या फळ्या मात्र ठेवू नयेत, कारण मुले त्यांवर चढतात.

कोणता कोपरा कुठे असावा, हे खोलीच ठरवते. पाण्याचे आणि वाळूचे खेळ दाराजवळ किंवा ओट्यावर असावेत, म्हणजे सांडलेले बाहेर झाडता येते. गोष्टींची पुस्तके आणि चित्रांचे तुकडे जुळवण्याचे खेळ दारापासून सर्वांत दूर, खिडकीच्या उजेडात ठेवावेत. भातुकली आणि ठोकळे शेजारी-शेजारी असू द्यावेत, कारण ठोकळ्यांचे घर बांधून झाले की त्यात चूल मांडलीच जाते. हे दोन कोपरे लांब ठेवले तर मुले दिवसभर खोलीतून सामान वाहत राहतात. मधली सतरंजी गाण्यांसाठी आणि जेवणासाठी राहील. चारच कोपरे करावेत. पाचव्याचा मोह होईल, तो टाळावा.

आता कपाटाविषयी. पसारा होतो तो मुले बेशिस्त असल्यामुळे नव्हे. सगळी खेळणी एकदम आणि एकाच टबात मिळाल्यावर मोठ्या माणसानेही तेच केले असते. एका वेळी दहा-बारा वस्तूच मांडणीवर ठेवाव्यात, प्रत्येक वस्तू स्वतंत्र टोपलीत किंवा ताटात असावी आणि त्या टोपलीची बाह्यरेषा फळीवर रंगाने काढून ठेवावी. मग वाचता न येणाऱ्या मुलालाही टोपली कुठे परत ठेवायची ते कळते. बाकीचे साहित्य कपाटात राहू द्यावे आणि पंधरा दिवसांनी तीन-चार वस्तू बदलाव्यात. पहिले काही दिवस खेळापेक्षा जागेवर ठेवण्यातच वेळ जाईल. तो जाऊ द्यावा, कारण उचलणे, नेणे, जुळवणे आणि जागा आठवणे हेही या वयाचे शिकणेच आहे.

आपण ज्या नावाच्या केंद्रात काम करता, त्या नावातच याचा धागा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांपुढच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. माँटेसरींची पद्धत ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर राबवली होती, पण महागडे साहित्य गावात चालणार नाही हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतूनच मोजणे, लावणे आणि वर्गीकरण करणे शिकवले. आपल्याकडे तर चिंचोके, सागरगोटे, ज्वारीची कणसे आणि करडईच्या बिया हाताशी आहेत. मात्र चिंचोके आपल्या नजरेसमोरच द्यावेत आणि खेळ संपला की मोजून परत घ्यावेत. नाकात चिंचोका घातलेले एक तरी मूल न पाहिलेली बालवाडीची शिक्षिका मला अजून भेटलेली नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने अंगणवाडीच्या भिंती ‘बोलक्या’ करायचे ठरवले आहे. पेंटरने मुळाक्षरे, इंग्रजी अक्षरे, पाढे, फळे, प्राणी आणि कार्टूनची चित्रे असा नमुना दिला आहे. यात आणखी काय घालावे?
– एक ग्रामपंचायत सदस्य, जुन्नर तालुका

उत्तर : घालण्यापेक्षा काढावे. बोलक्या भिंतींची कल्पना चांगली आहे, पण चारही भिंती एकदम बोलू लागल्या तर मुलाने ऐकायचे कोणाचे? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातील २४ मुलांना काही पाठ चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि काही पाठ मोकळ्या भिंतींच्या खोलीत देण्यात आले. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष अधिक वेळ विचलित झाले आणि त्यांचे शिकणेही कमी झाले. प्रयोग लहान होता, त्यावरून सर्व भिंती कोऱ्या ठेवा असे मी म्हणणार नाही; परंतु पेंटरला चौरस फुटांचे पैसे मिळतात, हेही आपण ध्यानात घ्यावे.

चित्रे बाहेरच्या भिंतींवर काढावीत. आतून भिंतींना फिका रंग द्यावा, म्हणजे एका खिडकीचा उजेडही खोलीभर पसरेल. आतल्या एका भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काळा पट्टा रंगवून घ्यावा आणि तो मुलांच्या खडूसाठी मोकळा ठेवावा. माझ्या मते संपूर्ण खर्चात तोच पट्टा सर्वांत मोलाचा ठरेल. पाढे तर वगळावेतच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तीन वर्षांच्या मुलापुढे पाढे रंगवण्याची घाई कशाला? पैसे उरले तर नळाची तोटी मुलांच्या हाताला येईल एवढी खाली घ्यावी आणि शौचालयाला छोटे भांडे बसवावे.

प्रश्न : आम्ही एका बेडरूमच्या घरात राहतो. मुलगी अडीच वर्षांची आहे. माँटेसरी साहित्याचा संच घ्यावा का? तो बराच महाग आहे.
– एक आई, ठाणे

उत्तर : घेऊ नये. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे मुलाला स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबल-खुर्च्या आणि हाताला येतील अशी कपाटे ठेवण्यावर त्यांचा कटाक्ष होता. तेवढे आपल्या घरातही जमते. स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा एक कप्पा तिचा करावा आणि त्यात तिची ताटली, वाटी, लहान तांब्या व दोन-तीन डबे झाकणांसह ठेवावेत. दारामागे अडीच फुटांवर खुंटी लावावी, म्हणजे ती आपला फ्रॉक स्वतः अडकवील. बेसिनपाशी न डगमगणारा पाट किंवा ठोकळा ठेवावा. तांब्यातून वाटीत पाणी ओतणे हा खेळ या वयात तासभरही चालतो. परातीत चालू द्यावा, आणि पुसायचे फडके तिच्याच खुंटीला अडकवून ठेवावे.