सोलापुरात केबलची वायर थेट स्मार्ट टीव्हीला लावून, सेटटॉप बॉक्सशिवाय एचडी चॅनेल बघता येतात का?

केबलवरून नाही बघता येत. पण तुम्ही लिहिलंय की नवीन टीव्हीला वायर थेट लावली, सर्च केलं, स्टार प्रवाह एचडी, झी मराठी एचडी अशी नावं भराभर आली आणि चित्र मात्र काळं. यात टीव्हीचा काही दोष नाही. तो दुकानात परत नेऊ नका. मी सोलापुरात टीव्ही बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, नवा टीव्ही आलेल्या घरातून हाच फोन नेहमी येतो.

नावं का येतात ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. आजकालच्या बऱ्याच टीव्हीत डीव्हीबी-सी ट्यूनर असतो, म्हणजे केबलचा डिजिटल सिग्नल पकडायची सोय असते. त्या सिग्नलमध्ये चॅनेलची यादी, म्हणजे नाव, नंबर आणि कोणता चॅनेल कुठे आहे ही माहिती, उघडी असते. टीव्ही ती वाचतो आणि दाखवतो. चित्र आणि आवाज मात्र कुलूप लावून पाठवलेले असतात. त्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. ती येते त्याच वायरमधून, पण तीही बंद स्वरूपात. ती उघडू शकतं फक्त बॉक्समधलं कार्ड किंवा चिप, तेही त्याचा नंबर केबल कंपनीच्या सिस्टिमला चालू असेल आणि त्यावर तुमचं पॅकेज चढवलेलं असेल तरच. म्हणून नावापुढे कुलपाचं चिन्ह किंवा 'स्क्रॅम्बल्ड' असं दिसतं. टीव्ही कितीही भारी घ्या, तिथे गाडी अडतेच.

'पूर्वी तर वायर थेट टीव्हीत लागायची' असं घरातले म्हणतात ते बरोबर आहे. तो ॲनालॉगचा काळ. २०११ मध्ये कायदा बदलला आणि केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. पुणे, नागपूर, नाशिकबरोबर आपलं सोलापूरही दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होतं, मुदत ३१ मार्च २०१३. तेव्हापासून केबलवर फुकटचे चॅनेल, अगदी दूरदर्शनसुद्धा, कुलूप लावूनच पाठवायचे असा नियम आहे. त्यामुळे 'निदान सह्याद्री तरी थेट दिसेल' हेही होत नाही.

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला कार्ड घालायची एक रुंद खाच असते, त्याबद्दल तुम्ही विचारलंय. तिला कॉमन इंटरफेस म्हणतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी केबल कंपनीच त्यात बसणारं मॉड्यूल आणि कार्ड देते, मग बॉक्स लागत नाही. आपल्याकडेही एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीवर चालावा, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२० मध्ये केली होती. पण असं मॉड्यूल देणारा केबलवाला मला सोलापुरात अजून भेटलेला नाही. ऑनलाइन नुसतं मॉड्यूल मिळतं, त्यात पैसे घालू नका. केबल कंपनीचं कार्ड नसेल तर ते काही कामाचं नाही. आणि कोणी 'सगळे चॅनेल उघडून देतो' म्हणून बॉक्स किंवा लिंक विकत असेल तर तो चोरीचा सिग्नल आहे. तो कधीही बंद पडतो, आणि मग पैसे मागायला जाणार कोणाकडे?

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. बॉक्स नको म्हणणाऱ्या बहुतेकांचा खरा त्रास दोनच गोष्टींचा असतो: चित्र फुसकं दिसतं आणि दोन रिमोट सांभाळावे लागतात. दोन्हीवर घरबसल्या उपाय आहे.

चित्राचं आधी बघा. बॉक्समागून टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल पिन जाते का? जात असेल तर एचडी विसरा. त्या पिवळ्या पिनेतून एचडी येतच नाही, बॉक्स एचडीचा असला तरी. एचडीएमआय वायर हवी. बॉक्सला एचडीएमआयचं तोंडच नसेल तर तो जुना साधा बॉक्स आहे, केबलवाल्याकडून एचडी बॉक्स बदलून घ्या. वायर लावल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट बघा. कितीतरी घरांत ते ५७६ वर ठेवलेलं असतं, ते १०८०आय करा आणि स्क्रीन १६:९ ठेवा. नाहीतर माणसं आडवी ताणलेली दिसतात आणि आपण टीव्हीला बोल लावतो.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. एकाच चॅनेलचे दोन नंबर असतात, एक साधा आणि एक एचडी. घरातल्यांच्या बोटांना जुना नंबर पाठ असतो. एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर, एचडीचे पैसे भरलेले, आणि संध्याकाळची मालिका मात्र साध्या नंबरावर चालू, असं मी फार ठिकाणी बघतो. एचडी नंबर फेव्हरिटमध्ये टाकून द्या. तो नंबर लावल्यावर 'सबस्क्राइब नाही' असं आलं तर एचडी तुमच्या पॅकेजात नाही. केबलवाल्याला चॅनेलचं नाव सांगून तेवढाच वाढवून मागा, २०१९ पासून चॅनेल सुटा घेता येतो.

रिमोटचं सोपं आहे. केबलच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी वेगळी चार-पाच बटणं असतात, ती शिकवता येतात. सेट बटण दाबून लाल दिवा लागला की दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून धरा, केबलच्या रिमोटवरचं बटण दाबा, मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबा. पॉवर, आवाज आणि सोर्स एवढं शिकवलं की टीव्हीचा रिमोट कपाटात गेला तरी चालतं. आईवडिलांसाठी हे नक्की करा.

बॉक्स मुळातच नको असेल तर केबल सोडावी लागेल. टीव्हीमागे 'सॅटेलाइट' लिहिलेलं तोंड असेल, म्हणजे आत डीव्हीबी-एस२ ट्यूनर असेल, तर डीडी फ्री डिशची छत्री थेट त्यात लागते. महिन्याचं भाडं नाही. छत्री जीसॅट-१५ या उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्वेला लावायची. आपल्याकडून तोंड आग्नेयेला येतं आणि आकाशात बरंच वर, साधारण ६१ अंशांवर. त्या बाजूला शेजारची इमारत अगदी खेटून नसली की झालं. सह्याद्रीबरोबर दूरदर्शनचे कन्नड आणि तेलुगू चॅनेलही मिळतात, पूर्व भागातल्या तेलुगू घरांना हे उपयोगी पडतं. पण त्यावरचे बहुतेक चॅनेल साधे आहेत आणि झी मराठी, स्टार प्रवाह तिथे नाहीत. तुम्हाला हेच दोन एचडीत हवे असतील तर छत्रीने काम होणार नाही. मग चांगलं इंटरनेट घेऊन त्यांची ॲप टीव्हीवर टाका. मालिका मोठ्या स्क्रीनवर छान दिसतात, बॉक्सही लागत नाही. फक्त गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक केबलच्या लोकल चॅनेलवर बघायची घरात सवय असेल, तर केबल तोडण्याआधी घरच्यांना विचारा.

टीव्हीचा मॉडेल नंबर आणि मागच्या बाजूचा फोटो टाका. सॅटेलाइटचं तोंड आहे का ते बघून सांगतो.