फ्रेंच आल्प्समधल्या मोंशावँ या स्कीच्या गावी आम्हा चौघांना आठवडाभर राहायचं आहे, दोघं अगदी नवशिके; तर स्कीच्या लिफ्टचा पास फक्त ला प्लान्य या भागाचा घ्यावा की पलीकडचा लेझार्क धरून पूर्ण पाराडिस्कीचा?

चौघांचा सरसकट एकच पास घेऊ नका. तुमच्यातले दोघं पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणार आहेत म्हणता; त्यांचे पहिले दोन-तीन दिवस शिकण्याच्या उतारावरच जातील. त्यांना महागडा पास कशाला? उरलेल्या दोघांना लाल, म्हणजे मध्यम-अवघड उतार जमत असले तरी ला प्लान्यचेच सव्वादोनशे किलोमीटर उतार सहा दिवसांत संपत नाहीत. लेझार्क बघायचंच असेल तर एका दिवसापुरता पास वाढवून मिळतो का, ते तिकीट खिडकीवर विचारा.

ला प्लान्य आणि लेझार्क या दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा एकच, वानवाझ एक्सप्रेस. डिसेंबर 2003 पासून चालणारा हा दुमजली रोपवे एका डब्यात 200 माणसं घेऊन दरीपलीकडे, लेझार्कच्या बाजूच्या प्लाँ पेझेला चारेक मिनिटांत पोचवतो. वारा वाढला की तो बंद. मग पलीकडे अडकलेल्याला स्कीने परत येता येत नाही. गाडीनं खाली खोऱ्यात उतरून पुन्हा घाट चढायचा, आणि संध्याकाळच्या टॅक्सीचं भाडं विचारूच नका. म्हणून लेझार्कला जायचा दिवस वाऱ्याचा अंदाज बघून ठरवा आणि पहिल्या तासातच पलीकडे जा. तिकडचं 3226 मीटरवरचं एग्वी रूज शिखर गाठायचं तर लिफ्टमागून लिफ्ट बदलण्यातच सकाळ जाते. तीनपर्यंत प्लाँ पेझेकडे वळलेलं बरं. शेवटच्या फेरीची वेळ मोसमानुसार बदलते, जातानाच फलकावर बघून ठेवा.

मोंशावँ 1250 मीटरवर आहे. मार्चमध्ये गावालगतचा बर्फ सकाळी काचेसारखा कडक, दुपारी लापशी. नवशिक्यांचे गुडघे दुखावतात ते या दुपारच्या बर्फात, तेही थकल्यावर. घरी परतताना शेवटचा टप्पा लिफ्टनं उतरता येत असेल तर खुशाल उतरा, त्यात कमीपणा नाही.

भाड्याच्या बुटांना घाई नको. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. थंडीच्या भीतीनं आपल्याकडचे लोक दोन-दोन मोजे चढवतात. त्यानं रक्तप्रवाह आवळतो आणि पाय उलट जास्त गारठतात. लांब मोज्यांचा एकच जोड घाला. दुकानात वजन खरं सांगा आणि स्की जितकं येतं तितकंच सांगा, कारण पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा ते त्यावरून लावतात.

पास जाकिटाच्या डाव्या खिशात ठेवा, मोबाईलपासून लांब. नाहीतर लिफ्टचं फाटक उघडत नाही. फ्रान्समध्ये उतारावरून जखमीला खाली आणण्याचे पैसे पडतात, आणि साध्या प्रवास विम्यात स्की बहुधा वगळलेलं असतं. पास घेतानाच रोजचे काही युरो भरून ‘कारे नेज’ विमा जोडून घ्या.