अकरावी-बारावीच्या सायकॉलॉजीची रिव्हिजन कशी करावी? काय ॲक्टिव्हिटी कराव्यात, आणि गाईड पुरतं का?

नाही पुरत.

आता सविस्तर. तू लिहिलंयस की वर्गात शिकवलेलं समजतं, गाईड तीन-चारदा वाचून झालंय, तरी युनिट टेस्टला पेपर समोर आला की सगळं एकमेकांत मिसळतं, आणि घरचे म्हणतात "आर्ट्सचाच तर विषय आहे, पाठ कर, होऊन जाईल". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि म्हटलं उत्तर लिहायचंच, कारण आमच्या घरात हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. अकरावीतलं लेकरू आहेस म्हणून अरेतुरे करतेय, चालेल ना.

आमचे थोरले भाऊजी, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, कोथरूडला गणिताच्या शिकवण्या घेतात. शिकवतात चांगलं, त्याबद्दल वाद नाही. पण अभ्यास म्हणजे पाच वेळा वाचा, दोन वेळा लिहा, हे त्यांचं सगळ्या विषयांना एकच औषध. त्यांच्या मुलीने, माझ्या पुतणीने, दहावीला उत्तम मार्क असताना हट्टाने आर्ट्स घेतलं, आणि तेही सायकॉलॉजीसाठी. मी स्वतः सायकॉलॉजीत बीए केलेलं, त्यामुळे सगळं खापर माझ्यावर. "तूच तिच्या डोक्यात भरवलंस" हे त्यांनी मला गणपतीच्या जेवणाला सगळ्यांसमोर ऐकवलं. मी तेव्हा सणाचा दिवस म्हणून गप्प बसले, पण मनाला लागलं ते लागलंच.

पहिल्या टेस्टला पोरीला मार्क कमी पडले. भाऊजींनी लगेच अप्पा बळवंत चौकातून दोन गाईडं आणून दिली आणि वाचायला बसवलं. ती रोज वाचायची, रंगीत पेनांनी खुणा करायची, पान अन् पान पिवळं-गुलाबी. पुढच्या टेस्टला पुन्हा तेच. मग ती माझ्याकडे आली. मी काय केलं, पुस्तक मिटलं, कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं स्मृतीचा धडा काल वाचलास ना, आता आठवेल ते सगळं लिही. अर्ध्या पानावर गाडी थांबली. रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, मला हे सगळं येतं गं, फक्त आठवत नाहीये."

हाच तर सगळा घोळ आहे. वाचताना ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला वाटतं की आलं, पण पेपरात ओळखायचं नसतं, आतून बाहेर काढायचं असतं. आणि ही काही माझ्या मनातली थिअरी नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने उतारा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, त्यांना उताऱ्यातलं साधारण 81 टक्के आठवलं, दुसऱ्यांना 75. आठवड्याने तपासलं तर उलटं, वाचणारे 42 वर आणि आठवून लिहिणारे 56 वर. आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री कोणाला होती, तर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना! मी हे भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले अमेरिकेतल्या मुलांचं आपल्याला काय. माणसाची स्मृती अमेरिकेत वेगळी आणि कर्वे रोडवर वेगळी असते असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

मग मी ठरवलं की पोरीला हा विषय करूनच शिकवायचा. विज्ञान आहे ना हा, मग केमिस्ट्रीवाले टेस्ट ट्यूब धरतात तसं आपणही काहीतरी हातात धरायला पाहिजे.

पहिला प्रयोग स्ट्रूप नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा, 1935 चा. रंगीत स्केचपेनं घेतली, "लाल" हा शब्द हिरव्याने, "निळा" पिवळ्याने, असा तक्ता केला आणि घरातल्या सगळ्यांना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावला, मोबाइलवर वेळ लावून. सासरे अडखळले, मिस्टर अडखळले, वॉचमनकाका अडखळले. आणि शेजारचं बालवाडीतलं पोर, ज्याला अजून वाचताच येत नाही, ते एकाच लयीत सगळे रंग सांगून मोकळं झालं. पुतणी क्षणभर बघत राहिली आणि स्वतःच म्हणाली, म्हणजे आपलं वाचन आपोआप होतं, ते थांबवायला जोर लागतो म्हणून वेळ जातो. गाईडात हे दोन ओळीत छापलेलं होतं, तिने अनेकदा वाचलेलंही होतं. पण त्या दिवशी ते तिचं झालं.

दुसरा प्रयोग सोसायटीतल्या भिशीच्या दिवशी. पंधरा शब्दांची यादी, साधे शब्द, छत्री, पंचांग, किसणी, रिक्षा असले. तिने एकेक शब्द सावकाश वाचला आणि बायकांनी लगेच आठवेल ते लिहिलं, कुठल्याही क्रमाने. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द बहुतेकींना आठवले, मधले गायब. दुसऱ्या फेरीत नवी यादी, पण लिहायच्या आधी अर्धा मिनिट शंभरपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं. सुरुवातीचे शब्द बऱ्यापैकी टिकले आणि शेवटचे धुपले. हेच ग्लान्झर आणि क्युनिट्झ या संशोधकांनी 1966 मध्ये दाखवलं होतं, शेवटचे शब्द अल्पकालीन स्मृतीत नुसते रेंगाळत असतात, मध्ये दुसरं काम दिलं की गेले. घरी आल्यावर तिने ग्राफ काढला, मधे खड्डा पडलेला, आणि तो ग्राफ ती आजही डोळे मिटून काढेल. भिशीतल्या एक काकू तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारायला लागल्या की मधलेच शब्द का गं जातात. पुतणीने तिथल्या तिथे समजावलं. दुसऱ्याला समजावता आलं म्हणजे रिव्हिजन झाली, याच्यापेक्षा मोठी परीक्षा नाही.

नकारात्मक प्रबलन आणि शिक्षा यात तू गोंधळतोस/गोंधळतेस असं लिहिलंयस, सगळेच गोंधळतात. व्याख्या पाठ करू नकोस, स्वतःच्या दिवसातली उदाहरणं वहीत लिही. गाडीत बेल्ट लावला की टुंगटुंग आवाज थांबतो, म्हणून आपण बेल्ट लावायला लागतो, हे नकारात्मक प्रबलन, कारण वर्तन वाढतं. नो एंट्रीत शिरलं की पोलीस पावती फाडतो आणि आपण पुढच्या वेळी शिरत नाही, ही शिक्षा, कारण वर्तन घटतं. आधी विचारायचं वर्तन वाढलं की घटलं, मग विचारायचं काही दिलं की काढून घेतलं. अशी वीस उदाहरणं स्वतः शोधलीस की पेपरात प्रसंग कुठलाही येऊ दे.

पुतणीला बोर्डात सायकॉलॉजीत झकास मार्क पडले. भाऊजी काय म्हणाले? "पोरगी मुळात हुशारच आहे." अहो, हुशार तर ती पहिल्या टेस्टलाही होती! बदलली ती पद्धत. पण हे त्यांनी आजतागायत मान्य केलेलं नाही. त्यांच्या शिकवणीतल्या मुलांनाही ते गणितं सोडवायलाच लावतात ना, सोडवलेली गणितं पाच वेळा वाचायला तर नाही लावत. मग सायकॉलॉजीलाच वाचन का पुरावं? आर्ट्सचा विषय म्हणजे बुद्धी न लावता होणारा विषय, हा समज आहे त्याच्या मुळाशी, आणि तो समज मला कधीच पटणार नाही.

बरं, मटेरियल. बालभारतीचं पुस्तक आधी, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही उतरवून ठेव. एखादा धडा त्रोटक वाटला तर एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक बघ, अध्ययन आणि स्मृतीवर त्यात स्वतंत्र धडे आहेत, तेही फुकट. इंग्रजी चालत असेल तर यूट्यूबवर क्रॅश कोर्सची सायकॉलॉजीची मालिका आहे, 2014 ची, बोलतात भराभर, स्पीड कमी करून बघ. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एपी सायकॉलॉजी या कोर्सचं साहित्य नेटवर ढिगाने सापडतं, पण त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, 2024-25 पासून त्यांनी तो पाच युनिटात बसवलाय, तेव्हा संकल्पना समजायला वापर, त्यावरून स्वतःच्या पोर्शनची यादी करू नकोस. कार्डांसाठी अँकी ॲप, अँड्रॉइडवर फुकट, नाहीतर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं कर, एका बाजूला प्रश्न, दुसरीकडे उत्तर. तीच कार्डं आज बघ, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवून ठेवलंय की विसरणं सगळ्यात जोरात सुरुवातीलाच होतं, त्यामुळे महिनाभर वही न उघडता परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकणं.

काही गोष्टी राहिल्या. घरच्यांवर प्रयोग करताना आधी सांगायचं, नको म्हणाले तर सोडून द्यायचं, आणि कोणाला घाबरवणारं किंवा कमीपणा आणणारं काही करायचं नाही, वॉटसनने प्रयोगासाठी मुद्दाम घाबरवलेल्या लहानग्या अल्बर्टसारखं तर अजिबात नाही. विकारांचा धडा वाचून मैत्रिणीला डिप्रेशन आहे, बाबांना ओसीडी आहे असली लेबलं लावायची नाहीत, निदान करणं हे तुझं काम नाही. वाचताना स्वतःचंच काही जास्त टोचायला लागलं तर मोठ्यांशी बोल, नाहीतर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीतही बोलतात. आणि हो, प्रयोगांनी समज येते पण बोर्डाला उत्तर मुद्देसूदच लागतं, त्यामुळे जुने पेपर घड्याळ लावून लिहायलाच हवेत आणि प्रोजेक्टचं तुमच्या मॅडम सांगतील तसंच कर.

गाईड आणून झालंच असेल तर फेकू नकोस. त्यातले फक्त प्रश्न वापर, उत्तरांची पानं स्टेपल करून टाक, आणि स्वतः लिहून झाल्यावरच उघड.